एक अष्टमांश घोडा

"तोंड उघडून दाखवा, बाकीचं सगळं मी सांगतो!"

हे वाक्य कवळीवाले गेली पस्तीस वर्षं म्हणत आले होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसून आ करायचं, हे कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि आत डोकावून सुरू व्हायचे, "डाव्या बाजूने चावता. झोपेत दात खाता. सिगारेट सोडली म्हणता, पण सोडलेली नाही. आणि सध्या घरात अबोला आहे."

"अबोलासुद्धा दातांवरून कळतो?"

"नाही. तुमच्या मिसेस बाहेरच्या बाकावर पाठ करून बसल्यात."

असा हा हुशार माणूस. पण हुशार माणूससुद्धा थकतो, आणि कवळीवाले पार हाडापर्यंत थकले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत घासायच्या यंत्रापुढे बसून त्यांनी पस्तीस वर्षं गुलाबी भुकटी नाकात ओढली होती. त्यांचे गुडघे बसताना एक आवाज करत आणि उठताना वेगळाच. त्यातून स्वभाव असा, की कुणाला 'नाही' म्हणणं जमायचं नाही. कवळी नेलेला माणूस आठ दिवसांनी येऊन म्हणे, "जरा घट्ट होतेय." हे सैल करून देत. आणखी आठ दिवसांनी तोच येऊन म्हणे, "आता पडतेय." हे नवी करून देत. नाही म्हणायला म्हणून तोंड उघडायचं आणि बाहेर पडायचं ते, "ठेवून जा, बघतो."

म्हणून नवरा-बायकोने मिळून एक बेत पक्का केला होता. या वर्षाच्या शेवटी दुकान बंद! गाठीला होतं तेवढ्यात दोघांचं बेताने भागणार होतं. कवळीवाल्यांचं पुढचं स्वप्नही काही फार मोठं नव्हतं. त्यांना झोपायचं होतं. सकाळी उठावं, चहा प्यावा आणि परत झोपावं, इतकंच.

नेमका अशा वेळी मेव्हणा घोडा घेऊन आला.

म्हणजे घोड्याची कल्पना घेऊन आला. दर वर्षी तो काहीतरी घेऊन यायचाच. एका वर्षी शोभेचे मासे, एका वर्षी अळिंबी, मागच्या वर्षी पाणी शुद्ध करायचं यंत्र. मासे मेले, अळिंबी कुजली आणि यंत्रातून जे पाणी येतं त्याने मेव्हण्याच्या घरी आता फक्त गाडी धुतात. पण उत्साहाला ओहोटी नाही!

"भाऊजी, अर्धा घोडा स्वस्तात मिळतोय! शर्यतीचा!"

या वेळी तो एकटा आला नव्हता. बरोबर निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, ज्यांना सगळा मोहल्ला नुसतं 'बाई' म्हणायचा, आणि समोरचा सलूनवाला होता. दोघांच्याही तोंडात कवळीवाल्यांनीच केलेल्या कवळ्या होत्या. त्यामुळे दोघांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता, की कवळीवाल्यांना त्याचाच थकवा यायचा.

"अर्ध्याचे आपण चौघं," बाई म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश घोडा."

"पण बाई, पुढचा अर्धा की मागचा?" सलूनवाल्याने गंभीरपणे विचारलं. "पुढच्या अर्ध्याला खायला घालावं लागतं."

"आणि मागच्याचं काढावं लागतं. सारखंच आहे ते."

मेव्हण्याने खुर्ची पुढे ओढली. "घोडा जातिवंत आहे, भाऊजी. तीन शर्यती हरलाय, म्हणून भाव उतरलाय. चौथी जिंकला की दुकानाला उद्याच कुलूप! आता सगळं तुमच्यावर. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही तिघं हो. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

"माझ्यावर का?"

"घोड्याची पारख तोंडात बघून करतात. आणि तोंडातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

कवळीवाल्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. "रविवारी बघतो," ते म्हणाले.

घरी बायकोने ऐकलं आणि हातातला टॉवेल खुर्चीवर आपटला. "त्या एक अष्टमांशात आपलं सगळं जाईल! हे पैसे गेले तर अजून पाच वर्षं भुकटी! दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय गं."

"मग सरळ नाही म्हणून टाका."

"तुझ्या भावाला? बाईंच्या देखत?" कवळीवाल्यांनी चष्मा पुसला. मग त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तरतरी आली. "हे बघ. मी नाही म्हणायचंच नाही. जायचं, तोंड उघडून बघायचं, आणि 'दात बरोबर नाहीत' एवढंच बोलून घरी यायचं. माझ्या वतीने दातच नाही म्हणतील!"

"आणि दात चांगले निघाले तर?"

"अगं, चांगले दात असतात कुठे? पस्तीस वर्षांत मी तरी बघितले नाहीत!"

हे खरंच होतं. ज्याचे दात चांगले, तो कवळीवाल्याकडे कशाला येईल?

रविवारी सकाळी चौघं तबेल्यात पोचले. लांबच लांब बैठी इमारत, दोन्ही बाजूंना अर्ध्या दारांच्या खोल्या आणि प्रत्येक दारातून बाहेर आलेलं एक लांब तोंड. गवताचा आणि ओल्या चामड्याचा वास. ट्रेनर म्हणजे घोड्यांचा मास्तर, आणि या घोड्याचा मालकही तोच. तो कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होता. त्याने हातानेच 'बघा, बघा' अशी खूण केली आणि पलीकडे निघून गेला. कवळीवाल्यांनी आधी बसायला काही मिळतंय का ते बघितलं. काही नव्हतं.

घोडा सांभाळणारा मोतद्दार वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा होता. तो म्हणाला, "साहेब आज जरा नाराज आहेत. समोरून या, मागून नको."

सलूनवाला शर्ट नीट करून साहेबांना शोधायला लागला. साहेब म्हणजे घोडाच होता. तांबूस, उंच, आणि कुणाकडे बघावं की नाही याचा विचार करत असलेला.

"दात बघायचेत," मेव्हणा म्हणाला.

मोतद्दाराने साहेबांच्या तोंडात बाजूने अंगठा घातला, ओठ वर केला, आणि कवळीवाल्यांनी चष्मा नाकावर ओढून आत बघितलं.

मंडळी, काय सांगू! ज्या माणसाने पस्तीस वर्षं फक्त हिरड्या, खुंट आणि किडकी मुळं बघितली, त्याच्यासमोर हे! एकाला एक लागून, सरळ, भक्कम, पिवळसर हस्तिदंतासारखे! हिरडी घट्ट, रंग निरोगी. असं तोंड आपल्या दुकानात कधीच येणार नाही, हा विचार मनात आला आणि कवळीवाल्यांचे डोळेच भरून आले.

"काय झालं?" बाई घाबरल्या. "वाईट आहेत का?"

हीच ती वेळ होती. 'दात बरोबर नाहीत.' तीन शब्द! कवळीवाल्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"झीज बरीच आहे," ते म्हणाले. "वय पन्नाशीच्या आसपास दिसतंय."

"चार," मोतद्दार म्हणाला.

"आणि हे मधले दात कुठे गेले? इथे चांगली चार बोटं जागा मोकळी आहे! कुणी काढले?"

"जन्मत:च नसतात. तिथे लगाम बसतो."

सलूनवाला खोकला. बाई आकाशाकडे बघायला लागल्या. कवळीवाल्यांचे कान तापले. पुढचं खोटं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण जीभ वळेना. उभ्या आयुष्यात त्यांचं माणसांबद्दल, हवेबद्दल, बायकोच्या नव्या साडीबद्दल खोटं बोलून झालं होतं. दातांबद्दल कधी बोलले नव्हते! असल्या दातांना वाईट म्हणायचं म्हणजे पापच.

अवघड गिऱ्हाईक गळ्यात पडलं, की कवळीवाल्यांचा एक ठरलेला उपाय होता. "माप घेऊ या," असं म्हणायचं. मग साचा, मग मेण, मग वाळवणं. त्यात पंधरा दिवस जातात आणि तेवढ्यात गिऱ्हाईकही निवळतं. सवयीने तेच बाहेर पडलं.

"असं वरवर बघून सांगता येत नाही. माप घ्यावं लागेल. पुढच्या महिन्यात कधीतरी—"

"पिशवी गाडीत आहे!" मेव्हणा ओरडला. "मी दुकानातून तुमची सगळी हत्यारं उचलून आणलीत, भाऊजी! म्हटलं लागलं तर असावं!"

आता आली का पंचाईत! कवळीवाल्यांनी असहायपणे रबराची वाटी घेतली, गुलाबी पावडर ओतली, पाणी घातलं आणि घोटायला सुरुवात केली. ही पावडर पुदिन्याच्या वासाची असते, म्हणजे माणसाला मळमळत नाही. माप घ्यायचा सगळ्यात मोठा ट्रे साहेबांच्या दोन दातांनाच पुरला असता, म्हणून मोतद्दाराचं दाणे घालायचं पत्र्याचं सुपडं उचललं. मोतद्दार पाणी आणायला गेला होता. विचारायला कुणी नव्हतं.

"आ करा. मोठा. जीभ मागे. नाकाने श्वास घ्या, आणि गिळायचं नाही हं," कवळीवाले पुटपुटले. पस्तीस वर्षांची सवय.

आणि साहेबांनी आ केला! पुदिन्याच्या वासाने नाकपुड्या फुलल्या, मान खाली आली, आणि त्यांनी ते सुपडं स्वत:हून तोंडात घेतलं. इतकं समजूतदार गिऱ्हाईक कवळीवाल्यांनी आजवर बघितलं नव्हतं.

"दोन मिनिटं धरायचं," ते म्हणाले.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. "एक मिनिट झालं! ... शेवटची तीस सेकंदं! ... वेळ संपली, थांबा!"

कवळीवाल्यांनी सुपडं ओढलं. साहेबांनी सोडलं नाही. त्यांनी परत ओढलं. साहेबांनीही ओढलं. मेव्हण्याने कवळीवाल्यांची कंबर धरली, सलूनवाल्याने मेव्हण्याची. "एक, दोन, तीन!" बाई ओरडल्या आणि सुपडं सुटलं. कवळीवाले गवतावर धपकन बसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना बसायला मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर उठायची इच्छाच नव्हती.

सुपडं रिकामं होतं. साहेब डोळे मिटून काहीतरी गुलाबी चघळत होते.

"काय खाऊ घातलंत माझ्या घोड्याला?"

ट्रेनर दारात उभा होता. फोन अजून कानालाच होता.

"माप," कवळीवाले म्हणाले.

"काय?"

"पुदिन्याचं आहे," मेव्हण्याने धीर द्यायचा प्रयत्न केला.

"बुधवारी शर्यत आहे! आधी तपासणी असते! पोटात परकं काही सापडलं तर घोडा बाद, आणि पुढचे सहा महिने मीही बाद!" ट्रेनरचा चेहरा मापाच्या पावडरीसारखाच झाला होता. "ऐका! हा घोडा बुधवारी पळाला नाही ना, तर अर्धा नाही, अख्खा घोडा तुमच्या गळ्यात घालीन! या मापवाल्याच्या! वकील लावीन, पण घालीन!"

अख्खा घोडा! गवतावर बसलेल्या कवळीवाल्यांनी मनात मोजलं. एक अष्टमांशाला पाच वर्षं भुकटी, तर अख्ख्याला किती? चाळीस! म्हणजे अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी दुकान बंद! ते ताडकन उठले. गुडघ्यांना आवाज करायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

"जीभ धरा!" त्यांनी मोतद्दाराला हुकूम सोडला. तो नुकताच बादली घेऊन आला होता. त्याने साहेबांची जीभ बाजूला ओढून धरली आणि कवळीवाल्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. एक तुकडा काढला, दुसरा काढला, गालाच्या कोपऱ्यातून तिसरा. सगळे तुकडे त्यांनी बाईंच्या रुमालावर मांडले आणि फुटलेला साचा जुळवावा तसे एकमेकांना लावत गेले.

"हा पुढचा. हा डावा. हा इथे बसतो... एक कमी आहे! उजवीकडचा वरचा कोपरा!"

"गिळला!" ट्रेनर मटकन बादलीच्या काठावर बसला.

"थांबा. गिळला नसेल तर मागे असेल." एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन कवळीवाले साहेबांच्या तोंडात जवळजवळ खांद्यापर्यंत शिरले. काही वेळ आतून नुसतं "हं... हं..." ऐकू येत होतं. मग आवाज बदलला. "अरेरेरे! बिचारा!"

ते बाहेर आले तेव्हा चिमटीत गुलाबी तुकडा होता आणि डोळ्यांत तेज.

"सापडला! काही गिळलेलं नाही! पण हा अडकला होता कुठे माहीत आहे? उजवीकडे वर, मागच्या दाढेला! तिची बाहेरची कड अशी धार लागल्यासारखी झालीय आणि गालाला आतून जखम आहे! उजवा लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. हा प्राणी उजव्या वळणावर मान फेकत असणार!"

मोतद्दाराच्या हातातून जीभ सुटली. "तिन्ही शर्यतींत," तो हळूच म्हणाला. "तिन्ही वेळा उजव्या वळणावर."

मेव्हण्याने कवळीवाल्यांचा पाय दाबला. मग जोरात दाबला. बाईंनी डोळे मिटून घेतले. पण कवळीवाल्यांच्या अंगात आता विद्या संचारली होती!

"दहा मिनिटांचं काम! कानशीने ती कड घासून टाका, आठवड्यात जखम भरेल, मग बघा हा कसा पळतो! हा हरणारा घोडा नाहीच!"

ट्रेनर बादलीवरून उठला. त्याने साहेबांच्या मानेवरून प्रेमाने हात फिरवला आणि चौघांकडे असं बघितलं, जसं काही ही माणसं इथे कशाला आलीत हे तो विसरूनच गेला होता.

"बुधवारी नाही पळवत. जखम भरू दे," तो म्हणाला.

"आणि आमचा अर्धा हिस्सा?" मेव्हण्याने विचारलं.

"कसला हिस्सा? हा घोडा विकायचा नाही."

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. सलूनवाल्याने कवळीवाल्यांकडे असं बघितलं, की पुढची दाढी वस्तऱ्याने करून घ्यायला त्यांनी दोनदा विचार करावा. बाई फक्त इतकंच म्हणाल्या, "तुमची विद्या मोठी आहे हो. पण जरा दहा मिनिटांनी दाखवली असती तर?"

कवळीवाल्यांना मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. पैसे शाबूत! दुकान बंद! आणि नाही म्हणायचं जड काम त्या ट्रेनरनेच परस्पर उरकलं होतं! त्यांनी हात धुतले, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले.

"डॉक्टर!" मागून ट्रेनरची हाक आली. आवाज आता एकदम मऊ होता. "शेजारचा घोडा पण मान फेकतो. आलाच आहात तर जरा डोकावता का?"

"मी डॉक्टर नाही," कवळीवाले म्हणाले. त्यांनी पुढे बोलायला तोंड उघडलं. शेजारच्या दारातून एक पांढऱ्या कपाळाचं लांब तोंड त्यांच्याकडे बघत होतं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि ती का गळतेय हे कवळीवाल्यांना लांबूनच कळलं.

ते घरी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बायको दारातच होती.

"घेतला?"

"नाही."

"खरंच?" तिने पिशवी त्यांच्या हातातून घेतली. "बाई गं! सुटलो! मला वाटलं होतं अख्खा घोडाच घेऊन याल!"

"थोडक्यात चुकला."

"मग आता वर्षाअखेर दुकान बंद?"

"बंद. बंदच करावं लागणार." कवळीवाले खुर्चीत बसले, की खुर्चीने त्यांना ओढून घेतलं, ते कळलं नाही. "तबेल्यातून वेळच मिळणार नाही."

"तबेल्यातून?"

"त्या मैदानावर बत्तीस तबेले आहेत, मिळून हजार घोडे. आज सात झाले. मी आत बघून सांगायचं, त्यांचा जनावरांचा डॉक्टर कानस चालवणार. त्याचा हात जाड आहे, आत जात नाही. माझा जातो."

बायको समोरच्या खुर्चीवर टेकली. "हजार म्हणजे किती दिवस? पाच महिने? एकदा घासून झाले की संपलं ना?"

"मीही तेच विचारलं." कवळीवाल्यांनी डोळे मिटले. "संपत नाही गं. माणसाचे दात एकदा पडले की पडले. घोड्याचे म्हातारपणापर्यंत वर येतच राहतात. सहा महिन्यांत परत धार. आपण शेवटच्यापर्यंत पोचतो तोवर पहिला तयार."

"आणि तुम्ही हे ऐकून घेतलंत? काही बोलला नाहीत?"

कवळीवाल्यांची मान छातीवर आली होती. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. केसांत गवत, बाहीवर लाळ, आणि गुलाबी भुकटीचा ठिपका नेहमीसारखा नाकावर. तिला राग आला, आणि मग दयाच आली. तिने उठून त्यांचे बूट काढले आणि खिडकीचा पडदा ओढला.

"पाचला उठव मला," ते झोपेतच म्हणाले.

"एवढ्या लवकर? अहो, तासभरच मिळेल. चांगले सातपर्यंत झोपा, मी चहा घेऊन येते."

"संध्याकाळी नाही गं. पहाटे. घोडे लवकर उठतात."